हरलेल्या गाण्यांचा रसिक

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा हा साहित्यविषयक टीकालेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न ह्या पत्रिकेच्या वाचकांस पडेल आणि तो रास्तच आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही त्याचे उत्तर नकारार्थीच दिले असते. डोळे दिपविणारे दिवे, धुराचे लोट आणि नर्तकांची धावपळ ह्यांतून गाणे शोधून काढावे लागते, आणि सापडलेच तर ते पुढच्या वर्षापर्यंतही टिकत नाही, असा आमचा ग्रह होता. तो पुरता गेला आहे असे नाही. परंतु युरोपात दरवर्षी मे महिन्यात होणाऱ्या 'युरोव्हिजन' गीतस्पर्धेच्या एका निस्सीम चाहत्याच्या सहवासात काही दिवस काढल्यानंतर आमच्या लक्षात आले की, स्पर्धा निराळी आणि तिच्यावरील प्रेम निराळे. आणि ह्या दोहोंत ते प्रेमच अधिक विचार करण्याजोगे आहे. ह्या मताची कारणे येथे मांडावयाची आहेत.

हा चाहता म्हणजे आमचा भाचा. जन्म आणि शिक्षण इंदूरचे, नोकरी फिनलंडमध्ये. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे हेलसिंकीला होतो. १३ तारखेला सकाळपासूनच घरात सणाची गडबड होती. "मामा, आज रात्री झोपायचं नाही हं," असे त्याने चहाच्या वेळीच बजावले. रात्री दहाला इंग्लंडमधील लिव्हरपूल येथून प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा खिडकीबाहेर अजून संधिप्रकाश रेंगाळत होता. फिनलंडचा गायक कॅरिया ह्याने हिरव्या फुग्याच्या बाह्या चढवून 'चा चा चा' हे फिनिश गीत म्हटले, आणि लिव्हरपूलच्या सभागृहातील हजारो लोक, ज्यांपैकी बहुतेकांना फिनिशचा एक शब्दही कळत नसावा, ते त्याच्याबरोबर गाऊ लागले. प्रेक्षकांच्या मतांत फिनलंडला ३७६ गुण पडले, तर स्वीडनला २४३. परीक्षक मंडळांनी मात्र स्वीडनच्या लोरीनला ३४० आणि फिनलंडला १५० गुण दिले होते. बेरीज स्वीडन ५८३, फिनलंड ५२६. स्वीडन जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती. भाचा आता हिरमुसला होऊन बसेल असे आम्हांस वाटले, पण तो एवढेच म्हणाला, "असू दे. वहीत तर कधीच आलंय ते."

ही वही आम्हांस दुसऱ्या दिवशी पाहावयास मिळाली. तिच्याविषयी पुढे लिहू. आधी स्पर्धेची ओळख करून देणे अवश्य आहे.

युरोपीय प्रसारण संघाची स्थापना १९५० साली झाली. महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या खंडातील देशांना एकाच वेळी एकच थेट कार्यक्रम दाखविता येतो की नाही, हे अजमावण्याच्या हेतूने, आणि इटलीतील सानरेमो गीतमहोत्सवाचा कित्ता पुढे ठेवून, ह्या संघाने ही स्पर्धा योजिली. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली आणि यजमान देशाची लिस आसिया विजयी ठरली. त्या वर्षी गुण गुप्त राहिले. केवळ विजेत्याचे नाव जाहीर झाले. एक ते आठ, मग दहा आणि बारा, ही आज प्रसिद्ध असलेली गुणपद्धती १९७५ पासूनची. आपल्या देशाला आपण मत देता येत नाही, हा नियम मात्र जवळपास आरंभापासूनचा आणि आमच्या मते ह्या स्पर्धेतील सर्वांत शहाणपणाचा. येथे मत द्यावयाचे तर दुसऱ्याचे गाणे ऐकावेच लागते.

गीत तीन मिनिटांहून लांब असू नये, असाही एक नियम आहे. पुष्कळ टीकाकार त्याला उथळपणाचे मूळ मानतात. आम्हांस ते पटत नाही. आपल्याकडे जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत असत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी रागाचे रूप उभे केले, बालगंधर्वांनी नाट्यपदे अजरामर केली, आणि मराठी भावगीताची घडणही ह्याच मापात झाली. वेळेची मर्यादा कलावंताची परीक्षा पाहते, त्याला उथळ करीत नाही. युरोव्हिजनमधील पुष्कळ गीते सामान्य असतात हे खरे. पण त्याचा दोष घड्याळाला देता येत नाही.

मग दोष कोठे? आमच्या मते तो निकालाला अवास्तव महत्त्व देण्यात आहे. इतिहास पाहता ह्या स्पर्धेचे निकाल आणि तिची स्मृती ह्यांचा मेळ अनेकदा बसत नाही. १९५८ साली नेदरलंड्समधील हिल्व्हरसुम येथे इटलीच्या डोमेनिको मोदुन्योचे गीत तिसरे आले. हे गीत पुढे 'वोलारे' ह्या नावाने जगभर गाजले आणि पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात दोन पारितोषिके घेऊन गेले. त्या वर्षी पहिल्या आलेल्या फ्रेंच गीताचे नाव आज अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही.

ह्याहून बोलके उदाहरण १९७४ चे. त्या वर्षी ६ एप्रिल रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्वीडनचा 'आबा' हा चमू जिंकला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच रात्री पोर्तुगालच्या पाउलो द कार्व्हाल्यो ह्याचे निरोपाचे एक प्रेमगीत अवघे तीन गुण मिळवून शेवटच्या स्थानावर इतर तीन देशांबरोबर अडकून पडले. पुढे अडीच आठवड्यांनी, २४ एप्रिलला रात्री अकराच्या सुमारास, लिस्बनच्या एका आकाशवाणी केंद्राने हेच गीत लावले. बंडास सज्ज असलेल्या सेनाधिकाऱ्यांना तो ठरलेला पहिला संकेत होता. गीत निरुपद्रवी प्रेमगीत होते, सर्वांच्या ओळखीचे होते, म्हणूनच ते ह्या कामी निवडले गेले; कोणास संशय येण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. आपल्या गोव्यातील वाचकांना ह्या घटनेचे महत्त्व सांगावयास नको. ज्या राजवटीने १९६१ पर्यंत गोवा सोडण्याचे नाकारले आणि नंतरही भारताचा अधिकार मानला नाही, तीच ही राजवट. ती गेल्यावर त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ब्रायटनच्या परीक्षकांनी ज्याला तीन गुणांच्या योग्यतेचे मानले, त्या गाण्याचा आपल्या इतिहासाशी असा दूरचा का होईना, पण खरा संबंध आहे.

तिसरे उदाहरण नॉर्वेचे. १९७९ साली उत्तरेकडील सामी लोकांनी आल्टा नदीवरील धरणाच्या विरोधात ऑस्लोतील संसदेसमोर उपोषण केले. १९८० साली नॉर्वेने त्याच विषयावरील गीत स्पर्धेस पाठविले. त्यात सामी गायक मात्तिस हेट्टा ह्याने आपल्या पारंपरिक वेषात 'जोइक' म्हटले. जोइक म्हणजे सामींचे शब्दांवाचूनचे गायन. एखादी व्यक्ती वा स्थळ केवळ स्वरांतून आठविण्याची रीत. धर्मोपदेशकांनी एके काळी तिला पाप ठरविले होते. एकोणीस देशांत हे गीत सोळावे आले. धरणही पुढे झालेच. तरीही ज्या स्वरांची लाज बाळगावयास एका समाजाला शिकविले गेले होते, ते स्वर सबंध युरोपाने घरोघर ऐकले, ही गोष्ट गुणांच्या कोष्टकात कोठे मांडावी?

ही विस्मृत, हरलेली गाणी सांभाळून कोण ठेवतो, ह्याचा शोध घेतला असता आपण चाहत्यांपाशी येऊन पोहोचतो. युरोव्हिजनच्या चाहत्यांची 'ओगाए' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९८४ साली फिनलंडमधील साव्होनलिन्ना येथे स्थापन झाली. फिनलंडने १९६१ साली स्पर्धेत पदार्पण केले. १९८४ पर्यंत तो एकदाही जिंकला नव्हता, उलट तीन वेळा त्याच्या पदरी शून्य गुण आले होते. त्याला पहिले यश मिळाले २००६ साली. म्हणजे चाहत्यांची संघटना उभी राहिली ती सतत हरणाऱ्या देशात. ही संघटना 'दुसरी संधी' नावाची एक स्पर्धा भरविते. आपापल्या देशाच्या निवडफेरीत मागे पडलेली, युरोव्हिजनपर्यंत पोहोचलीच नाहीत अशी गीते सभासद तेथे एकमेकांस ऐकवितात. हा उपक्रम कळल्यावर चाहत्यांविषयीचे आमचे मत पुष्कळच बदलले. चाहता म्हणजे विजेत्यामागे धावणारा, ही समजूत निदान येथे तरी लागू पडत नाही.

आता भाषेचा प्रश्न घेऊ, कारण ह्या पत्रिकेच्या वाचकांना तोच सर्वांत जवळचा आहे. आरंभी कोणत्या भाषेत गावे ह्याविषयी नियम नव्हता. प्रत्येकाने आपलीच भाषा घ्यावी हे गृहीत होते. १९६५ साली स्वीडनचा गायक इंग्रजीत गायला आणि १९६६ पासून स्वदेशीच्या भाषेची सक्ती आली. १९७३ साली ती उठली, १९७७ साली पुन्हा लादली गेली आणि १९९९ साली कायमची गेली. त्याच वर्षी वाद्यवृंदही गेला आणि ध्वनिमुद्रित साथ आली. सक्ती उठविण्यास सबळ कारण होते. १९९२ ते १९९७ ह्या सहा वर्षांत आयर्लंड चार वेळा आणि ब्रिटन एकदा विजयी झाला. इंग्रजीत गाण्याची मुभा ज्या मोजक्या देशांना होती, त्यांतलेच हे दोन. भाषेचे रक्षण करण्यासाठी केलेला नियम प्रत्यक्षात बलिष्ठ भाषेच्या पथ्यावर पडत होता.

सक्ती उठल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. १९९९ ते २००६ ह्या काळातील आठही विजयी गीते इंग्रजी होती. त्यांपैकी एकात तेवढी युक्रेनियन मिसळलेली होती. भाषाभिमान्यांची भीती खरी ठरली असे वाटू लागले. पण कथा तेथे संपत नाही. २००७ साली सर्बियाची मारिया शेरिफोविच सर्बियन भाषेतील 'मोलित्वा', म्हणजे प्रार्थना, गाऊन जिंकली. २०१२ साली रशियातील बुरानोवो ह्या खेड्यातील आजीबाई उदमूर्त भाषेत गाऊन दुसऱ्या आल्या. गावातील चर्च पुन्हा उभारण्यासाठी त्यांना पैसा हवा होता. धृपदात त्यांनी इंग्रजी घेतली होती, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. २०१७ साली पोर्तुगीज, २०२१ साली इटालियन आणि २०२२ साली युक्रेनियन गीत पहिले आले. १९९९ ते २०२५ ह्या अवधीत स्पर्धा सव्वीस वेळा झाली, त्यांत पूर्णतः इंग्रजीबाहेरची विजयी गीते चारच. प्रमाण थोडे आहे. परंतु ही चारही गीते कोणी बळजबरीने आपल्या भाषेत गायलेली नाहीत. इंग्रजीचा मार्ग मोकळा असताना त्यांनी तो घेतला नाही, आणि ज्यांना ती भाषा येत नव्हती अशांनी त्यांना मते दिली. सक्तीच्या काळातील विजयांपेक्षा ह्या चार विजयांचे मोल आम्ही अधिक मानतो.

ह्यांपैकी २०१७ चे पोर्तुगीज गीत टीकेच्या कसोटीवर सर्वांत उजवे आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'दोघांच्या वाटचे प्रेम आपणच करणे' असा. लुईझा सोब्रालने ते रचले आणि तिचा भाऊ साल्व्हादोर ह्याने म्हटले. तो हृदयविकाराने आजारी होता. कीव्हमधील पहिल्या तालमींत त्याच्या जागी बहीणच उभी राहिली. प्रत्यक्ष सादरीकरणात नर्तक नव्हते, आतषबाजी नव्हती. मुख्य रंगमंच सोडून तो प्रेक्षकांमधील लहानशा चौथऱ्यावर उभा राहिला. तीन मात्रांच्या जुन्या वॉल्ट्झ ठेक्यावरील ती चाल शब्दाशब्दाला थबकते, श्वास घेते, पुढे जाते. गायक स्वर लावताना तो सिद्ध करून दाखवीत नाही. स्वतःशीच काही आठवीत असल्यासारखा लावतो. आपल्याकडील उत्तम भावगीत ऐकणाऱ्यास हा गुण तत्काळ ओळखू येईल. ७५८ गुणांनी तो जिंकला, आणि संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना होय, अशा आशयाचे उद्गार त्याने विजयानंतर काढले. १९६४ साली शून्य गुणांनी आरंभ केलेल्या देशाला पहिला विजय मिळण्यास त्रेपन्न वर्षे लागली. ह्या काळात पोर्तुगाल बहुतेक वेळा आपल्याच भाषेत गात राहिला होता.

कॅरियाच्या गीताविषयी आम्ही इतके आपुलकीने लिहू शकत नाही. त्याचा पूर्वार्ध आमच्या कानांस कर्कश वाटतो. तरीही भाच्याने एक गोष्ट दाखवून दिली ती मान्य केली पाहिजे. फिनिश शब्दांत आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो आणि जोडव्यंजने ठासून उच्चारली जातात. आठवडाभर राबून थकलेला मनुष्य सुटीच्या रात्री आपला संकोच झुगारून देतो, हा त्या गीताचा विषय त्या ठोक्यांवरच उभा आहे. इंग्रजीत ते गीत केवळ गोंगाट ठरले असते.

स्पर्धेचे दोष झाकण्याचा आमचा हेतू नाही. शेजारी देश शेजाऱ्यास गुण देतात. ग्रीस आणि सायप्रस ह्यांची परस्परांवरील मेहेरनजर हा तर विनोदाचाच विषय झाला आहे. आर्थिक भार अधिक उचलणाऱ्या मोठ्या देशांना २००० पासून थेट अंतिम फेरीत जागा मिळते. राजकारण बाहेर ठेवल्याचे सांगितले जाते, पण ते राहत नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रशियाला वगळण्यात आले. इस्रायलच्या सहभागाच्या प्रश्नावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलंड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड ह्यांनी २०२६ च्या स्पर्धेत न उतरण्याचा निर्णय २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केला. अशा वेळी चाहत्याची मोठी पंचाईत होते. भाच्याला आम्ही ह्याविषयी दूरध्वनीवर विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. स्पर्धेवर प्रेम करणाऱ्यास तिच्यावर रागावण्याचाही अधिकार असतो, एवढेच आम्ही त्याला म्हणालो.

आता त्या वहीविषयी. लांबट, जाड पुठ्ठ्याची ती वही पाहून आम्हांस आमच्या वडिलांची नाट्यपदांची वही आठवली. भाच्याच्या वहीत पोर्तुगीज, फिनिश, सर्बियन, उदमूर्त अशा अनेक भाषांतील गीते होती, आणि ती सर्व देवनागरीत लिहिलेली होती. खाली पेन्सिलीने मराठीत अर्थ. असे का, म्हणून विचारले. "रोमन अक्षर दर भाषेत वेगळं वाजतं, मामा. आपल्या अक्षरांत जसं ऐकू येतं तसं लिहिता येतं," तो म्हणाला. उत्तर बिनतोड होते. पण आमच्या मनात दुसराच प्रश्न होता. त्याची आठ वर्षांची मुलगी आमच्याशी मराठीत बोले, परंतु तिला मराठी वाचता येत नव्हते. उदमूर्त गाण्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या बापाने घरच्या भाषेसाठी तेवढा केला नाही, असे आम्ही जरा कठोरपणेच बोलून गेलो. त्याने वाद घातला नाही. "शिकवायला बसलो की ती पळते," एवढेच म्हणाला.

निघण्यापूर्वीच्या दोन दिवसांत जे घडले ते सांगतो. मुलीला 'चा चा चा' तोंडपाठ होते. बापाच्या वहीत तेच गीत आहे हे कळताच ती ते पान उघडून आमच्या शेजारी येऊन बसली आणि पाठ असलेल्या शब्दांवर बोट ठेवून कोणते अक्षर कोणते ते विचारू लागली. 'च' आणि 'क' तिला पहिल्याच दिवशी ओळखू आले. दुसऱ्या दिवशी काना आणि वेलांटी. फिनिश गाण्यातून ती मराठीची अक्षरे शिकत होती आणि आम्ही, आयुष्यभर मराठीच्या रक्षणाचे ठराव मांडलेले आम्ही, चष्मा पुसत तिला मदत करीत होतो.

ह्यावरून सिद्धान्त मांडण्याचा मोह आम्ही आवरतो. दोन दिवसांत भाषा येत नाही, आणि त्यानंतर तिची किती प्रगती झाली हे दूर बसून सांगणे कठीण आहे. परंतु इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या घरांचा अनुभव काय आहे? संस्थानी काळात मराठीला दरबारचा आश्रय होता. संस्थाने विलीन झाली आणि तो गेला. त्यानंतर ज्या घरांत मराठी राहिली, त्यांपैकी किती घरांत ती नियमामुळे राहिली आणि किती घरांत एखाद्या पदामुळे, आरतीमुळे, आजीने म्हटलेल्या ओवीमुळे राहिली, ह्याचा हिशेब प्रत्येकाने आपल्याशी करावा. युरोव्हिजनने तेहतीस वर्षांत दोनदा सक्ती लादून पाहिली आणि दोनदा उठविली. त्या धरसोडीने न साधलेले काम एखादे गाणे आपल्या वहीत उतरून घेणाऱ्या रसिकाने केले आहे.

गेल्या दिवाळीला भाच्याकडून आलेल्या पाकिटात मुलीच्या हातचे एक पान होते. अक्षरे वेडीवाकडी, एक वेलांटी उलटी. वर 'आजोबांना' असे लिहून खाली तिने एक गाणे उतरवून पाठविले होते. फिनिशच होते. आम्ही ते मोठ्याने वाचून पाहिले.